कान गुडघ्याखाली

काल रात्री दीड वाजता मी जमिनीवर पालथा पडलो होतो. एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात मोबाइलची बॅटरी. कपाटामागे कुठंतरी रातकिडा होता. कुठंतरी म्हणजे नेमका कुठं, हे माणसाला कळू नये अशी निसर्गानं चोख व्यवस्था केली आहे. सूर चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपासचा, आणि असल्या बारीक, एकसुरी आवाजाची दिशा ओळखण्यात आपले कान अगदीच ढ. डावीकडे सरकलो की तो उजवीकडून ओरडणार. पाऊल टाकलं की चिडीचूप. जमिनीची थरथर त्याला म्हणे आधीच कळते.

शेवटी कपाट ओढलं. तशी दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"कपाट ओढू नकोस. बिथरेल तो."

त्यांची झोप मोडली होती, पण काळजी किड्याची होती.

"काका, तासभर पाय घासतोय हो नुसता!"

"पाय?" काकांच्या चेहऱ्यावर आयुष्यभरातले नापास विद्यार्थी तरळून गेले. "पाय नाकतोडा घासतो. हा पंख घासतो. एका पंखाखाली कानशीसारखी दातेरी शीर असते, ती दुसऱ्या पंखाच्या कडेनं खरवडायची. बरं, ह्याचे कान कुठं असतात?"

पावणेदोनला तोंडी परीक्षा.

"डोक्याला?"

"पुढच्या पायांना! गुडघ्याच्या जरा खाली."

एवढं सांगून ते माझ्याच पलंगावर, माझ्याच उशीला टेकून बसले, घड्याळ डोळ्यांजवळ धरलं आणि मला "श्श" म्हणाले. माझ्याच खोलीत. आठ सेकंद ते ओठ हलवत मोजत राहिले. "बावीस. अधिक पाच, सत्तावीस अंश सेल्सिअस." १८९७ साली एमॉस डॉलबेअर नावाच्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं रातकिड्याच्या आवाजावरून तापमान काढायचं सूत्र मांडलं होतं, त्याचा हा घरगुती अवतार. थंड रक्ताचा प्राणी, गारठला की ताल संथ. नंतर वाचलं, की हा हिशेब झाडावरच्या एका जातीशी बरा जुळतो, सगळ्यांशी नाही. पण तेव्हा मला तापमान नको होतं, झोप हवी होती.

ही माणसं मला कळत नाहीत. नळ गळत असला तर पृष्ठताण समजावतील, पाना धरा म्हटलं की कंबर धरतील. कपाटाचं दुसरं टोक धरता का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तरादाखल मला नवी माहिती मिळाली. त्यातली एक मात्र लक्षात राहिली. काही नर गातच नाहीत म्हणे. गाणाऱ्याच्या आसपास दबा धरून बसतात आणि त्याच्याकडे निघालेली मादी वाटेतच गाठतात. त्या गप्प नरांविषयी मला एकदम आदर वाटला. शेजारी असावेत तर असे.

तेवढ्यात कपाटाखालून काहीतरी तुरुतुरु आलं. मी पेला पालथा घातला. सापडला! इतका आनंद मला पदवी मिळाल्यावरही झाला नव्हता.

काका पहिल्यांदाच पलंगावरून उठले. वाकले. चष्मा वर केला.

"ही मादी आहे. मागे लांब सुई दिसते ना? ती मातीत अंडी घालायला. गातो तो नर. ही बिचारी आवाज करूच शकत नाही."

"मग इथं काय करत होती?"

"ऐकत होती. त्याच्याकडेच निघाली असणार."

मी पेल्याखाली कागद सरकवला आणि रागारागानं तिला खिडकीबाहेर सोडून दिलं. खिडकी लावतोय न लावतोय तोच कपाटामागून पुन्हा सुरू.

"हा आता थांबणार कधी?"

"मादी येईपर्यंत गाईल," काका म्हणाले आणि खाली झोपायला गेले.