मुठीतलं तुळशीचं पान

आज दुपारी जेवताना भाची रामिरेझची केस सांगत होती. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. टेक्ससमधला देहदंडाचा कैदी. मागणं एवढंच, की विषाचं इंजेक्शन देताना माझ्या पाद्रीचा हात माझ्या अंगावर असू दे आणि त्याला मोठ्याने प्रार्थना म्हणू दे. तुरुंगवाले नाही म्हणाले. शेवटी मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला. ऑक्टोबरात तो गेला, तेव्हा पाद्रीचा हात त्याच्या छातीवर होता.

काकांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली. "त्येका कशाक व्हयो पाद्री? मारताना तेना इचारल्यान काय?"

मी पानावरून उठले.

मला अण्णा आठवले. वेंगुर्ल्याहून देवघरातला गंगेचा गडू आणि वृंदावनातलं तुळशीचं पान घेऊन मी हॉस्पिटलात धावले होते. आयसीयूच्या दारातच अडवलं. "भेटायची वेळ पाच ते सहा." अण्णा सव्वाचारला गेले. पान माझ्या मुठीत सुकलं.

काकांचं एक मान्य करते. रामिरेझने दुकानातल्या माणसावर २९ वार केले, हाती लागला सव्वा डॉलर. त्या माणसाच्या छातीवर कुणाचाच हात नव्हता. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण कोर्टाने जीव घ्यायला सांगितलं, त्याचा देवही काढून घ्या असं कुठे लिहिलंय?

आणि अलाबामा! फेब्रुवारी २०१९. रे हा मुसलमान कैदी. ख्रिस्ती पाद्री तुरुंगाचा नोकर, म्हणून त्याला आत परवानगी. रेच्या इमामाला नाही. मागणी उशिरा केलीस म्हणत कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी दार लावलं. इमाम काचेपलीकडून बघत राहिला. ती काच मला माहीत आहे हो! पुढच्याच महिन्यात टेक्ससमधल्या एका बौद्ध कैद्यासाठी त्याच कोर्टाने शिक्षा थांबवली, तर टेक्ससने काय करावं? सगळ्याच धर्मगुरूंना आत बंदी. केवढा हा कोतेपणा!

तुम्ही माझी माणसं, तुम्हाला वेगळं समजवायला नको. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळल्यावर फाशीआधी १४ दिवस द्यायला सांगितले, तेसुद्धा माणसाला मनाची तयारी करता यावी, देवाशी समेट करता यावा म्हणून.

संध्याकाळी राग उतरल्यावर काकांजवळ जाऊन बसले. त्या दिवशी दारावरच्या माणसाशी भांडले ते काकाच. सगळा मजला ऐकत होता. "मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालूक टाइम कसलो रे?"