खुलासा: वॉटर-मिथेनॉलचा नोझल सरसकट सुपरचार्जरच्या आधी नको

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र; ती हवा गार करायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण नोझलमधून फवारतात. ‘सुपरचार्जर कोणताही असो, वॉटर-मिथेनॉलचा नोझल त्याच्या तोंडाशीच बसवा, हवा जास्त गार होते’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

रूट्स आणि ट्विन-स्क्रू (दोन फिरत्या रोटरांनी हवा ढकलणाऱ्या) प्रकारांत सुपरचार्जरच्या आधी फवारा मारतात, आणि त्याला कारण आहे: रोटर गार राहतात, त्यांच्या फटींतून हवेची गळतीही थोडी घटते. सेंट्रिफ्यूगलचं मात्र वेगळं. त्याचा इंपेलर (हवा फेकणारं पात्यांचं चाक) मिनिटाला 40-50 हजार फेरे घेऊ शकतो. त्या वेगात जाडसर थेंब आदळत राहिले की पात्यांच्या कडा झिजतात. पुढे इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा भाग) असेल तर मिश्रण त्यातच साचू शकतं. अशा गाडीत नोझल इंटरकूलरनंतर, थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) थोडा अलीकडे बसवतात, म्हणजे थेंबांची वाफ व्हायला अंतर मिळतं.

मेसेजमध्ये नसलेली, पण माझ्या मते सर्वांत धोक्याची गोष्ट: थ्रॉटल रोटरच्या आधी असेल, तर त्या दोहोंमध्ये आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) व्हॅक्यूम असतो. तिथल्या नोझलला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारी झडप) नसेल, तर मिश्रणाचा पंप बंद असतानाही ते आत ओढलं जाऊ शकतं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.