‘सरळ कर्नल अपडेट करा की!’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या कर्नलवर नवं सॉफ्टवेअर चालवण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा, ज्याच्यामार्फत प्रोग्रॅम हार्डवेअर वापरतात) जुने प्रोग्रॅम मोडत नाही हे लिनक्सचा जनक टॉरवाल्ड्स वर्षानुवर्षं बजावतोय, तेव्हा नवी बिल्ड (सोर्स कोडपासून बांधलेलं सॉफ्टवेअर) जुन्या कर्नलवर चालवायचा माझा आटापिटा म्हणजे रिकामा उद्योग. कर्नल अपडेट करायचा आणि मोकळं व्हायचं.

अहो, पण ते वचन एकतर्फी आहे. जुना प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालेल, एवढंच. उलट दिशेची हमी कुणीच घेतलेली नाही. जीलिबसी (लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) तर २०१७ च्या २.२६ आवृत्तीपासून २०२२ पर्यंत ३.२ च्या आधीच्या कर्नलवर ‘कर्नल फार जुना’ म्हणून दारातूनच परत पाठवायची.

आता ‘अपडेट करा’बद्दल. भोसरीतल्या एका कारखान्यात टेस्ट बेंचला जोडलेला पीसी आहे. त्यावर सेंटओएस ७ ही लिनक्स, कर्नल ३.१०. बेंचच्या कार्डाचा ड्रायव्हर त्याच कर्नलपुरता बांधलेला, सोर्स कुणाकडेच नाही. बेंच थांबवायची मुभा वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तीही पूजेपुरती! म्हणून नवं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच पीसीवरच्या वेगळ्या कप्प्यात, घातलं. कंटेनरमध्ये लायब्रऱ्या नव्या, पण कर्नल त्या पीसीचाच. सुरू करताच उत्तर आलं: ‘लिबक्यूटी५कोअर’ ही (क्यूटी नावाच्या लायब्ररीची) फाइल सापडत नाही. एलएस (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) मारलं तर फाइल समोर! पाऊण दिवस पाथ आणि परमिशन तपासण्यात गेला. शेवटी रीडएल्फ या फाइलच्या आतलं दाखवणाऱ्या साधनाने बघितलं, तर लायब्ररीवर शिक्का होता: किमान कर्नल ३.१७. लोडरने (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्रऱ्या जोडून देणाऱ्या भागाने) शिक्का वाचून फाइल बाजूला सारली आणि ‘सापडत नाही’ म्हणून हात झटकले. पुष्कळ जण तो शिक्का स्ट्रिप या साधनाने खरवडून काढतात. मला ते धाडस झालं नाही. रीनेमअ‍ॅट२ आणि गेटएंट्रॉपी या नव्या सिस्टिम कॉलांचा (प्रोग्रॅम कर्नलकडे करतो त्या मागण्यांचा) वापर बंद करून क्यूटी पुन्हा बांधली.

आणि कर्नल बदलायचा ठरवलात, तरी नवी बिल्ड बांधताना मशीनवर चालू असतो तो जुनाच. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या सिस्टिममध्ये म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी नवा कर्नल, मग रीबूट, मग बाकीची सिस्टिम. २०१७ मध्ये तिथे आयनोड क्रमांक (सिस्टिम फाइल ओळखते ते क्रमांक) ६४ बिटांचे झाले, तेव्हा हा क्रम उलटा केला तर साधं एलएससुद्धा ‘बॅड सिस्टिम कॉल’ म्हणून आडवं व्हायचं.

एक मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. ‘नवा सिस्टिम कॉल करून बघा, नसेल तर जुना वापरा, झालं’ हे मी फारच ढोबळ लिहिलं होतं. २०२१ मध्ये जीलिबसी २.३४ थ्रेड (प्रोग्रॅममधले एकाच वेळी चालणारे धागे) तयार करायला क्लोन३ हा नवा सिस्टिम कॉल वापरायला लागली. कर्नलमध्ये तो कॉल नसता तर ‘असा कॉलच नाही’ हे उत्तर आलं असतं आणि ती निमूट जुन्या क्लोनकडे वळली असती. पण डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीतल्या सेककॉम्प गाळणीने (कुठले सिस्टिम कॉल चालू द्यायचे ते ठरवणाऱ्या) उत्तर दिलं ‘परवानगी नाही’. त्यामुळे ती वळलीच नाही आणि थ्रेड तयार होईनात. डॉकर २०.१०.१० मध्ये हे सुधारलं. म्हणजे तिथे दोष कर्नलच्या वयाचा नव्हता, हे मान्य. मूळ लेखातली ती ओळ आज बदलली आहे.