एमबीएला जायचंय? मग आधी घरचा धंदा लपवा

दरवर्षी नोव्हेंबर जवळ आला की सांगलीत विश्रामबागेतल्या चहाच्या गाड्यांवर एक तरी पोरगं पर्सेंटाईल पर्सेंटाईल करत उभं असतं आणि त्याला सल्ला द्यायला आजूबाजूला पाच जण, त्यातल्या एकानंही कॅट, म्हणजे आयआयएमच्या एमबीएची प्रवेश परीक्षा, दिलेली नसते. म्हटलं आपणपण देऊ. फुकट आहे, घ्या.

पहिलं म्हणजे एमबीए का करायचंय याचं खरं उत्तर कुणाला सांगायचं नाही. खरं उत्तर असं असतं की इंजिनिअरिंग झालं, हिंजवडीत दोन वर्षं खुर्ची उबवली, पगार वाढंना, घरात लग्नाचा विषय निघालाय आणि "पोरगं एमबीए करतंय" म्हटलं की तो विषय दोन वर्षं गप बसतो. इंटरव्ह्यूत हे चालत नाही राव. तिथं म्हणायचं, मला इम्पॅक्ट निर्माण करायचाय. कुणावर, कशाचा, ते सहसा विचारत नाहीत, विचारलंच तर स्टेकहोल्डर्स म्हणायचं आणि पाणी प्यायचं.

परीक्षेचं थोडक्यात सांगतो. कॅट दोन तासांची, तीन भाग, प्रत्येकाला 40 मिनिटं, या भागात जमंना म्हणून त्या भागात उडी मारता येत नाही. बरोबर आलं की 3, ऑप्शनवाला प्रश्न चुकला की 1 वजा. फॉर्म भरणारे तीन लाखांच्या आसपास, म्हणजे 99 पर्सेंटाईल आलं, शंभरातल्या 99 जणांना मागं टाकलं, तरी अडीच-तीन हजार लोक तुमच्या पुढं उभेच आहेत. हे घरी सांगू नका. घरच्यांच्या हिशेबात 99 म्हणजे शंभरातले 99 मार्क, साताऱ्याच्या मावशी कंदी पेढे घेऊन एसटीत बसल्यात, कशाला त्यांना स्वारगेट... सॉरी, सांगली स्टँडवरून परत पाठवताय.

राज्याची सीईटी वेगळी. 200 प्रश्न, 150 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यामुळं एकपण प्रश्न कोरा सोडू नका, शेवटच्या दोन मिनिटांत डोळे मिटून बटणं दाबा, यालाच पुढं 'अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याची क्षमता' म्हणतात. सगळ्यांना जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटच पाहिजे असतं. 1965 पासून मुंबईत आहे, आपल्या आधी लई जणांना पाहिजे होतं, एवढं लक्षात ठेवा.

आणि हो, दहावीचे मार्क. तुम्हाला वाटलं असेल आत्यानंतर ते कुणी विचारणार नाही. बऱ्याच आयआयएम विचारतात, बारावीचेपण, आणि नुसतं विचारून थांबत नाहीत तर गुणांकनात धरतात. आता दहावीत जाऊन भूमितीचा पेपर परत देता येत नाही, पण त्या मार्कांवर दोन आठवडे झोप उडवून घेता येते. ती सगळे उडवून घेतात, तुम्हीपण घ्या.

आता मुख्य काम, तुमची कहाणी. कुठं एसओपी, म्हणजे 'मला इथंच का यायचंय' याचं लेखी पान, मागतात, कुठं निबंध, इंटरव्ह्यूत तर सगळीकडंच "स्वतःबद्दल सांगा" असतं. इथं सांगली-साताऱ्याची पोरं हमखास माती खातात, कारण ती खरं बोलायला लागतात. आजोबा हळदीच्या व्यापारात होते, हरिपूरला जमिनीखाली पेवं होती, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, भाव पडला की पेव बंद, भाव चढला की उघडायचं, मग 2005 चा महापूर आला आणि बरीच पेवं पाण्यात गेली. कशाला सांगताय हे? साठा, जोखीम, भावाचा अंदाज, एका रात्रीत भांडवल बुडणं, हे सगळं तिथं पंचवीस लाखांच्या घरात फी घेऊन शिकवायचंय त्यांना, तुम्ही आधीच घरून शिकून आलात तर प्राध्यापकांनी काय करायचं. त्यापेक्षा लिहा, कॉलेजच्या फेस्टमध्ये स्पॉन्सरशिप हेड होतो. म्हणजे झेरॉक्सवाल्याकडून पाचशे रुपये आणले.

द्राक्षबागेचंपण तेच. भाव नाही आला तर बेदाणा करायचा, कोल्ड स्टोरेजला टाकायचा, दिवाळीची वाट बघायची. वडील हे दरवर्षी करतात आणि स्वतःला नुसतं शेतकरी म्हणवून घेतात, बिचाऱ्यांना शब्दच माहीत नाहीत.

विट्याकडचे असाल तर अजून जपून. चुलते कोइमतूरला गलाईच्या धंद्यात आहेत हे चुकूनसुद्धा बोलू नका. खानापूर-आटपाडीची माणसं दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली, भाषा येत नसताना देशभरच्या सराफ बाजारांत सोनं गाळायच्या भट्ट्या टाकल्या, मग भाऊ, मेव्हणा, गावातला पोरगा असं एकेकाला ओढत नेलं, दुसऱ्याचं सोनं आणि आपला शब्द एवढ्यावर धंदा. याला नेटवर्क म्हणत नाहीत. नेटवर्क म्हणजे अनोळखी माणसाला ऑनलाइन "काँग्रॅट्स सर" लिहिणं.

मला तर कधी वाटतं लक्ष्मणराव किर्लोस्करांना आज इंटरव्ह्यूला बसवावं. मुंबईत मास्तरकी, ती सोडून बेळगावला सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, तोपण सुरवातीला खपंना कारण शेतकरी म्हणायचे लोखंडानं जमीन नासते, आणि 1910 ला कुंडलजवळ निवडुंगाच्या माळावर कारखाना. "तुमच्या करिअरमध्ये सातत्य दिसत नाही, मिस्टर किर्लोस्कर. आणि हा गॅप कसला?" वेटिंग लिस्ट पण लागली नसती.

मग कॅप राउंड, म्हणजे सीईटीवरच्या प्रवेशाची राज्याची फेरी. डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, पडताळणी, ज्याला जे लागू असेल ते आत्ताच काढायला टाका म्हणून सगळे सांगतात, तुम्ही मात्र शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सेतू केंद्रात जा. सर्व्हर डाऊन असेल, रांगेत अख्खी बॅच भेटेल, ग्रुप डिस्कशनची तयारी तिथंच होते. विषय ठरलेला, "चूक कुणाची."

लागला नंबर की बँक. मोठ्या एज्युकेशन लोनला बऱ्याचदा तारण मागतात, जामीनदार मागतात, आणि तिथं फेस्टचं सर्टिफिकेट दाखवून मॅनेजर हलत नाही. तिथं लागतो सात-बारा, नाहीतर कोइमतूरच्या चुलत्यांची सही. तेव्हा त्यांना आजच फोन करून ठेवा, तब्येत विचारा, सोन्याचा भाव विचारा, आणि एसओपीत काय लिहिलंय ते विचारलं तर रेंज गेली म्हणून सांगा.