कळशी

गौरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला शेजारचा बापू दारात उभा. "सायब, चला. लंगोट घ्या आन् चला."

कोल्हापुरात लंगोट म्हटला की तालीम. या वयात कुणाशी लावताय कुस्ती, म्हणून मी चष्मा शोधू लागलो. पण प्रकार वेगळाच होता. बापूच्या वाड्यातल्या आडात त्याच्या आईची पितळी कळशी पडली होती. त्या घरात गौर येते ती ह्याच कळशीतून, स्टीलची चालत नाही. गळ हुडकावा तर तो कधीच भंगारात गेलेला. घरोघरी नळ आल्यापासून आडात काही पडायचंच बंद झालं, मग गळ ठेवतो कोण?

"म्हातारी म्हणली, शेजारी पाणबुड्या ऱ्हातोय आन् तू गळ कसला हुडकतोस?"

मी नौदलात पाणबुडीवर अधिकारी होतो. पाणबुड्या नव्हे. निवृत्त होऊन शिवाजी पेठेत राहायला आल्यापासून रोज कुणाला ना कुणाला हे समजावतो. पाणबुड्या स्वतः पाण्यात उतरतो. पाणबुडी उतरते तेव्हा आतला माणूस कोरडा असतो. आणि कोरडा म्हणजे किती! गोडं पाणी मोजकं, ते प्यायला आणि स्वयंपाकाला. दाढीला सुट्टी, आंघोळीला तर लांबची रजा. सगळी नोकरी पाण्याखाली काढली आणि पाण्याची जास्तीत जास्त आठवण कशाची, तर ते अंगावर न पडल्याची. त्यात डिझेलचा वास. कपड्यांत, केसांत, उशीत. उशी तरी कुठली आपली? बंक कमी, माणसं जास्त. एक पहाऱ्याला उठला की दुसऱ्यानं त्याच उबेत शिरायचं. सुट्टीवर घरी आलो की बायको माझी बॅग दोन दिवस गॅलरीत ठेवायची. मला आत घ्यायची, पण लगेच नाही.

त्यात आम्ही पाणबुडीला 'बोट' म्हणतो. लग्न ठरवताना सासरकडच्या एका मावशींनी विचारलं होतं, "रंकाळ्यात हाय तसली, पायडलची का?"

कट्ट्यावरचा कायमचा प्रश्न एकच, किती खोल जायचासा? आकडा सांगायचा नसतो, म्हणून मी "ते सांगता येत नाही" म्हणतो. कोल्हापुरात ह्याचा अर्थ गडी थापा मारतोय. इथं पाण्याची खोली शेंबड्या पोरालाही पाठ असते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. 2019 च्या पुरात पंचगंगा 55 फुटांवर गेली, तेव्हापासून बापू सगळं जग ह्याच पट्टीनं मोजतो.

"43 च्या वर जायचासा?"

"बरंच."

"मग गाव सोडाय लागतंय की!"

मग मी त्याच्या भाषेत सांगितलं. दर दहा मीटरला तळहाताएवढ्या जागेवर शंभर किलोचा एक पैलवान वाढतो. शंभर मीटरला दहा पैलवान, एकाच्या डोक्यावर एक, तेवढ्याच जागेवर. आणि असे तळहात बोटीच्या अंगावर किती, ते तूच मोज. बापू बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत बसला. मग म्हणाला, "खुराक कोण देतंय त्यास्नी?"

8 डिसेंबर हा पाणबुडी दिन. 1967 साली त्या दिवशी सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात आपली पहिली पाणबुडी 'कलवरी' नौदलात दाखल झाली. दरवर्षी मी पेढे वाटतो आणि गल्ली मला वाढदिवसाच्या शुभेच्छा देते. नुसत्या एका नावानं माझी पत थोडी वाढली, 'खांदेरी'. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही पाणबुडी 2019 साली नौदलात आली. "महाराजांनी बांधलेला खांदेरी?" म्हणत बापू उठून उभाच राहिला. पण मी त्या बोटीवर कधी नव्हतो, हे कळल्यावर बसला.

खरं अवघड जातं ते गप्प राहायला. पाणबुडीचं निम्मं शहाणपण आवाज न करण्यात असतं. हातातून पान्हा निसटला तर दूर कुठं कुणीतरी कान लावून बसलेला सावध होतो. ती सवय अशी मुरली की मी अजून फ्रिजचं दारसुद्धा पोटच्या पोरासारखं हळू मिटतो. आणि राहायला कुठं आलो? जिथं शेजाऱ्याला हाक मारली की ती गंगावेशीत ऐकू जावी आणि गणपतीत डॉल्बीनं भिंतीवरचं घड्याळ पुढं सरकावं.

असो, कळशी. पोहायला मी कोटितीर्थात शिकलोय, त्यामुळे अगदीच नाही म्हणता येईना. आडाच्या काठावर गेलो. पावसानं आड वीसेक फूट भरलेला, पाणी हिरवंगार. सवयीनं विचारायला लागलो. तळाला गाळ किती? कपार कुठल्या बाजूला? दोर किती लांब, वर दोर धरणार कोण, आणि मी वर आलो नाही तर कोण, कशानं, किती वेळात काढणार? आमच्याकडं हे ठरल्याशिवाय कुणी पायरीसुद्धा उतरत नाही. बापूनं दोन उत्तरं दिली. तिसऱ्याला त्यानं आकाशाकडे बघितलं. तोवर वाड्यातल्या बायका पदर सावरून जमल्या होत्या, एकीनं माझ्यासाठी टॉवेलही आणला होता.

मी शर्टाचं दुसरं बटण काढत होतो, तेवढ्यात तालमीतून परतणारं एक पोरगं आत डोकावलं. "काय पडलंय?" म्हणालं, चप्पल काढली आणि धप्प! आम्ही मोजायला लागायच्या आत वर. एका हातात कळशी, दुसऱ्या हातात बापूच्या लग्नात हरवलेला तांब्या.

टॉवेल त्याला मिळाला. चहाही आधी त्यालाच.

म्हातारीनं कळशी पदरानं लख्ख पुसली, मला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं आणि बापूला आपल्या समजुतीनं हळू आवाजात विचारलं,

"आन् ह्यास्नी सरकार पेन्शन देतंय व्हय रं?"