मोकळीक दिली म्हणून लोहगावला विमान येत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: दिल्ली एअर इंडियाला सांभाळण्यासाठी पुण्याची विमानं अडवते, आखाती विमान कंपन्यांना आठवड्याला हव्या तेवढ्या प्रवासी जागा (सीट) द्या, आपलं काहीच जात नाही.

मोकळीक दिली की विमान येतं, हे आधी तपासू. आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या विमान कंपन्यांना भारताने १८ शहरांत हवी तेवढी विमानं आणायची मोकळीक दिली. त्यांत औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर आहे, पुणे नाही. तरी तिथे सिंगापूर-बँकॉकच्या विमानांची रीघ लागली नाही. उलट पुण्याहून डिसेंबर २०२२ मध्ये विस्तारा या भारतीय कंपनीचं सिंगापूरला विमान सुरू झालं, तेही दोन देशांच्या करारात भारतीय कंपन्यांच्या वाट्याला आलेल्या उड्डाण-हक्कांतून. पुण्याचं विमानतळ असलेला लोहगावचा तळ हवाई दलाचा, धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटर. पूर्ण भरलेलं मोठं विमान लांब पल्ल्यासाठी तिथून उडवणं कठीण. कुठल्याही कराराने धावपट्टी लांबत नाही.

‘आपलं काहीच जात नाही’ हे तर साफ चूक. दुबईसोबतच्या करारात दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना आठवड्याला सुमारे ६६ हजार जागा, कागदावर बरोबरी. पण दुबईला जाणारे पुष्कळ प्रवासी तिथे थांबत नाहीत. लंडन, न्यूयॉर्क गाठतात. म्हणजे दुबईला दिलेली जागा ही भारत-लंडन प्रवासाचीही जागा असते. भारतातून थेट युरोपला जाणाऱ्या विमानाचे प्रवासी तिकडे वळतात. ती उड्डाणं परवडेनाशी होऊन बंद पडली, तर भाडं किती लावायचं हे दुबईच ठरवेल. आज स्वस्त वाटणारं तिकीट तेव्हा स्वस्त राहील का?

एअर इंडियाला सांभाळण्याचा आरोप मात्र निम्मा खरा आहे. दुबईचा हा ६६ हजार जागांचा कोटा २०१४ मध्ये ठरला आणि पुढची दहा वर्षं तसाच राहिला. मागणी वाढत गेली आणि भुर्दंड पडला आखातात मजुरीला जाणाऱ्या माणसाला. हा अन्याय आहे, माझ्या मते जागा वाढवायलाच हव्यात. पण टप्प्याटप्प्याने, आणि मोबदला घेऊन. परदेशी कंपनीला पुण्यात उतरायचं तर करारात पुण्याचं नाव लागतं. ते नाव घालून घेणं आणि भारतीय कंपन्यांना दुबईत सोयीच्या वेळा मिळवणं, हा तो मोबदला.

पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ २०२४ पासून नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आहेत. ‘आकाश मोकळं करा’ असं मोघम न म्हणता त्यांना दोन प्रश्न विचारा: पुढच्या वाटाघाटीत पुण्याचं नाव पुढे करणार का, आणि लोहगावची धावपट्टी कधी वाढणार?