निरोगी माणसाचा रुग्ण होतो तेव्हा

लोकांना सतत वाटणाऱ्या आरोग्याच्या चिंतेवरील एका लेखात लेखकांनी आजच्या या चिंतेचे मूळ समाजमाध्यमांत शोधले आहे. ते अंशतः खरे असले, तरी तपासण्यांचा वाटा त्याहून मोठा आहे, असे मला वाटते. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला आणि थायरॉइड या गळ्यातील ग्रंथीची सोनोग्राफी त्यात समाविष्ट नसतानाही, थोडे जादा पैसे भरून ती करून घेण्याची पद्धत रूढ झाली. परिणामी २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या सुमारे १५ पट झाले. त्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळपास होते तेवढेच राहिले. ज्या सूक्ष्म गाठींनी बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी हजारो लोकांनी ग्रंथी काढून घेतली आणि त्यांतील बहुतेकांच्या मागे जन्मभराची गोळी लागली. हे वाचून मी फार अस्वस्थ झालो होतो.

निरोगी आणि रुग्ण यांच्यातील सीमारेषाही बदलत असतात. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २००३ मध्ये उपाशीपोटीच्या रक्तातील साखरेची सामान्य मर्यादा ११० वरून १०० वर आणली, तेव्हा अनेक माणसे शरीरात काहीही न बदलता मधुमेहाच्या धोक्याच्या गटात गेली. लवकर सावध होण्याचा लाभ काहींना नक्कीच होतो, हे मी नाकारत नाही. परंतु माझ्या आईच्या अहवालात १०४ हा आकडा ठळक अक्षरांत छापून आला आणि कोणीही नीट समजावून न सांगितल्यामुळे तिने चार महिने सणाचे गोडही भीतीने खाल्ले नाही.